फाट्यावरचा कडूलिंब

शेखरची डिझेल पिकअप तिसऱ्यांदा नत्थुजींच्या गॅरेजात आली, तक्रार तीच. "काका, चांदूर बाजारले निघालो का फाट्यापाशी दम सोडते. मंग पुढं पुना मस्त चालते."

फिल्टर नवा टाकून झाला होता, नोझल साफ करून झाले होते. स्कॅनर लावला तर एकही दोष दिसेना. नत्थुजींच्या हाताखालून डिझेलची कितीतरी इंजिनं गेली, पण असा ताप कोणी दिला नव्हता. शेवटी ते वैतागले. "चाल, तूच चालव. मी बाजूले बसतो."

गाडी झकास पळत होती. फाट्यावरचा कडूलिंब दिसला आणि वेग पडायला लागला.

"पाहा काका, पाहा! मी दाबून राहिलो, तरी उचलत नाई!"

नत्थुजी मीटरकडे पाहतच नव्हते. ते शेखरच्या पायाकडे पाहत होते. पाय ॲक्सिलेटरवरून कधीच सुटला होता आणि शेखरला त्याचा पत्ताही नव्हता.

"या झाडाखाली कोन उभं राहे रे?" त्यांनी हळूच विचारलं.

शेखरने खाली आपल्या पायाकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला. "मेथीच्या जुड्या घेऊन, माह्या गाडीची वाट पाहत. दिवाळीच्या आंधी गेली."

गाडी झाडापाशी येऊन थांबलीच. दाराशी एका माणसापुरती जागा सोडून नत्थुजी शेखरच्या बाजूला सरकून बसले.