मेणावरचा गणू

चिंचेचा कोळ. मेणाची वडी. पंचम जॉर्जचा रुपया. मिठानं चिरलेली बोटं.

ठाण्यात परशुरामपंत जुनी नाणी पारखत. मिठागरावरच्या आवडाबाईच्या रुपयात टांकसाळीची चूक होती. पुढे राजाचा चेहरा उठावाचा. मागेही तोच, पण उलटा आणि आत रुतलेला. हौशी माणूस मोठी किंमत देईल, हे त्यांनी तिला कितीदा सांगितलं होतं.

"इकायचा नाय, दादा. ठसा काडा."

दरवर्षी दिवाळीआधी ती यायची. ते खोलगट बाजू मेणावर दाबायचे. उमटायला हवा राजा. उमटायचा तिचा मुलगा गणू, दरवर्षी वर्षानं मोठा. गेल्या साली त्याला मिसरूड फुटलं होतं.

आज रुपया लखलखत होता. परशुरामपंतांनी तो उजेडात धरला.

"घासलात की काय, बाई?"

"तोंड धुतलं त्याचं. चिंचेनं, राखेनं. सणाला मळका ठेवू?"

त्यांनी नाणं दाबलं. कपाळ आलं, कान आला. नाक, ओठ मात्र पुसून सपाट झाले होते.

"निजलाय जनू," ती हसून म्हणाली.

तेवढ्यात ओठांच्या जागचं मेण आत ओढलं गेलं, बाहेर फुगलं, पुन्हा आत ओढलं गेलं.

गणू खाडीत बुडाला तेव्हा तीन वर्षांचा होता.