सावलीतला जाळ

शेडच्या सावलीत खेळणाऱ्या लेकीच्या डागाळलेल्या गालांवर वेल्डिंगचा निळा लखलखाट पडला, तशी सत्यशीला चुलीपुढून उठली. ऊसतोडीचा लाकडी मुठीचा कोयता उचलून तिनं नवऱ्याच्या मशीनच्या वायरीवर दोन्ही हातांनी घातला. ठिणग्यांचा भडका उडाला, वायर तुटली. नवऱ्यानं डोळ्यांपुढची काळी काच भिरकावून तिच्या कानफटात ओढली. "येड लागलं का? पोरीला ऊन सोसत न्हाई, म्हनून तर सावलीत बसवली." दुसरा फटका पाठीत बसला तशी ती पोरीवर पालथी पडली आणि ओठातलं रक्त गिळत म्हणाली, "नगरचे डॉक्टर म्हनले, उन्हातली किरनं कातडीच्या पेशीतला जनुकांचा धागा तोडत्यात. आपला परत जुळतो, हिचा न्हाई. तीच किरनं ह्या वेल्डिंगात हायेत. मला मारा, पन हे पेटवू नका." त्याचा उगारलेला हात वेल्डिंगनं सोललेल्या स्वतःच्याच मानेवर गेला. त्यानं मशीन ओढत शेडबाहेर, पोरीपासून लांब उन्हात नेलं.