बेहड्याला रजेचा अर्ज

आठ दिवसांच्या तापातून उठलेल्या लेकीला, रेवतीला घेऊन हेमांगी रानातल्या शाळेत पोचली, तेव्हा तिच्या पर्समध्ये रजेचा अर्ज तयार होता. आधीच्या शाळेनं 'न कळवता गैरहजर' म्हणून रेवतीचं नाव काढलं होतं. नऊ वर्षांची, न बोलणारी मुलगी. इथूनही काढलं तर न्यायची कुठे?

"अर्ज मला नको," शाळेच्या घाणेकरबाई म्हणाल्या. "इथे हजेरी झाडं घेतात. काय ते बेहड्याला सांगा. आठ दिवस त्यानं माझं डोकं खाल्लंय."

बेहड्याच्या खोडावर झाडाच्या मनातलं शब्दांत उतरवणारी पट्टी होती. बाईंनी तिच्यावरच्या मागच्या नोंदी दाखवल्या. रोज सकाळी दहाला एकच ओळ: 'पाठ टेकणारी आली नाही.' पाचव्या दिवसापासून तर दर तासाला.

हेमांगीनं घसा खाकरला आणि झाडासमोर उभं राहून अख्खा अर्ज वाचला, अगदी 'रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती'पर्यंत. रेवतीला तेवढा धीर कुठला! ती केव्हाच खोडाला पाठ टेकून बसली होती.

पट्टीवर अक्षरं उमटली: 'आली.'

"घ्या, झाली रजा मंजूर," बाई हसल्या.

हेमांगीनं अर्जाची घडी बेहड्याच्या ढोलीत ठेवली आणि हात जोडले. आधीच्या शाळेत रेवती आली नाही, की सगळ्यांना हायसं वाटायचं. इथे कुणीतरी आठ दिवस तिची वाट पाहत उभं होतं.