काचेमागचा पंजा

पाळकांनी नाताळाआधी चर्चची भिंत सारखी करायला थापी उचलली, तेवढ्यात जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या जुन्या चर्चांचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक आले. गिलाव्यात उमटलेल्या पंज्यापाशी ते थबकले.

“हा पहिल्या गवंड्याचा हात! शंभर वर्षं तरी झाली असतील.”

हात माझ्या बायकोचा, सगुणाचा होता. तीन वर्षांपूर्वी डागडुजी करताना तिचा तोल गेला आणि ओल्या चुन्यात पंजा उमटला. “बुजवा हो, लोक हसतील,” म्हणाली होती. मी बुजवला नाही. आता ती नाही. दर रविवारी उपासना झाली की मी त्या पंज्यावर हात ठेवतो.

खरं सांगितलं असतं, तर पाळकांनी तो तिथंच बुजवला असता. मी गप्प राहिलो.

पुढच्या रविवारी पंज्यावर काच बसली होती. मी सवयीनं हात पुढे केला.

“नाना, हात नको!” पाळक म्हणाले. “ऐतिहासिक आहे तो.”

“मग काच पुसायचं काम तरी मला द्या.”

ते हसले. “इतिहासाची एवढी आवड कधी लागली तुम्हाला?”

“बायको गेल्यापासून.”