फौजदाराची चप्पल

लॅपटॉप फौजदाराच्या काखेतून निसटला आणि जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत खाली गेला. त्याने धावत जाऊन उचलला, तेव्हा फुटका पडदा एका बिजागरीला लोंबत होता. बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. लॅपटॉपने राम म्हटला होता.

जिन्यात चिटपाखरू नव्हतं. त्याने तो शर्टाखाली घेतला, खोली गाठली आणि पलंगाखालच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

लॅपटॉप त्याचा नव्हता, पण तो चोरही नव्हता. उलट वसतिगृहातल्या चोऱ्या बंद केल्या त्या यानेच, म्हणून तर पोरं त्याला फौजदार म्हणायची. कुणी खोली उघडी टाकून आंघोळीला गेला, की हा आत शिरायचा, लॅपटॉप उचलायचा आणि त्या जागी आपली एक फाटकी चप्पल ठेवायचा. चप्पल दिसली म्हणजे माल फौजदाराकडे. मग ती हातात धरून त्याच्या दारात जायचं, चार शिव्या खायच्या, सगळ्यांसमोर कान पकडायचे आणि आपली वस्तू परत आणायची. पोरं खिदळायची, पण कुलपं लावायला शिकली. रेक्टरांनी पाठ थोपटली होती आणि दमही भरला होता. "कुणाची वस्तू फुटली, तर तुझं सामान बाहेर फेकीन. शेवटचं वर्ष आहे, लक्षात ठेव."

आणि आज नेमकी वस्तू फुटली होती. लॅपटॉप लंबूचा होता आणि लंबूचं वर्षभराचं काम त्यात होतं. आता लंबू चप्पल घेऊन येईल. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं फौजदाराने ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

लंबू आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"फौजदार, घात झाला! माझा लॅपटॉप गेला. आणि टेबलावर चप्पल नाही रे. खरा चोर आलाय!"

तोंडाशी आलेली माफी फौजदाराने गिळली. चप्पल ठेवल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. पण आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तो लंबूच्या मागे गेला.

लंबूच्या खोलीत पोरांनी नव्याला घेरलं होतं. नवा हा लंबूचा खोलीसोबती, आठवड्यापूर्वी आलेला. लंबू आंघोळीहून परतला तेव्हा खोलीत हाच एकटा होता, मग दुसरा कोण? त्याची बॅग जमिनीवर उपडी केलेली होती. ओठ फुटून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. रेक्टर दारात उभे होते.

"चप्पल असती तर गोष्ट वेगळी होती," कुणीतरी म्हणालं.

नवा चमकला. "चप्पल? टेबलावर एक घाणेरडी चप्पल होती. मी वर्गातून आलो, केर काढला, त्यात तीही टाकली. मला काय माहीत!"

कचऱ्याची गाडी मघाशीच गेली होती. सगळ्यांच्या माना फौजदाराकडे वळल्या.

"काय रे," रेक्टर म्हणाले, "तू नेलास?"

फौजदाराने नव्याच्या ओठाकडे पाहिलं. त्याला दया आली, अगदी मनापासून आली. आपली ट्रंकही आठवली.

"नाही सर. मी आज या मजल्यावर आलोच नव्हतो."

"चोराच्या उलट्या बोंबा!" कुणीतरी ओरडलं आणि नव्याच्या कानाखाली आणखी एक बसली.

रेक्टरांनी नव्याला वसतिगृह सोडायला सांगितलं. संध्याकाळी त्याचे वडील आले. रेक्टरांपुढे हात जोडून झाले, उपयोग झाला नाही. मग बापलेक फौजदाराच्या दारात येऊन उभे राहिले. बॅग वडिलांच्या खांद्यावर होती. कॉरिडॉरभर पोरं तमाशा बघायला जमली होती.

"बाबा, हेच ते दादा," नवा म्हणाला. "सगळे मला चोर म्हणाले. फक्त यांनी तसं म्हटलं नाही."

वडिलांचे डोळे भरून आले. "बाळा, सर तुझं ऐकतात म्हणे. एवढंच सांग त्यांना, पोराला इथं राहू द्या. माझा मुलगा तसा नाही रे."

एवढं सांगायला फौजदाराचं काहीच जात नव्हतं. कबुली द्यायची नव्हती, की ट्रंक उघडायची नव्हती. त्याने तोंड उघडलंही. पण कॉरिडॉरमधली पोरं बघत होती, आणि चोराची बाजू घेणाऱ्याकडे पोरं कसं बघतात हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं.

वडील बोलत बोलत आत पाऊल टाकायला गेले. फौजदाराने चौकटीला हात लावून वाट अडवली.

"काका, बाहेरच थांबा," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "खोलीत सामान आहे."