पसरणी घाट

"शालन, पिशवी घेतलीस ना?" थोरल्या जाऊबाईंनी भरल्या गाडीत विचारलं आणि बचतगटाच्या बायका खुदकन हसल्या. घाट लागला की शालनला उलट्या व्हायच्या. त्यापायी तेवीस वर्षं वाईत नांदूनही तिनं घाटावरचं पाचगणी पाहिलं नव्हतं.

आजही दुसऱ्याच वळणावर तिच्या पोटात ढवळलं. "मला उतरवा, मी चालत घरी जाते," ती कसंबसं म्हणाली.

"ताई, माझ्या शेजारी येऊन बसा," चालक म्हणाला. "दरीत बघू नका, रस्त्यावर नजर ठेवा आणि वळण दिसलं की मला सांगा."

ती पुढं बसली. "डावीकडं," ती पुटपुटली. मग "उजवीकडं!" हळूहळू तिचा आवाज चढत गेला. पोटातलं ढवळणं कुठं थांबलं, ते तिलाही कळलं नाही. शेवटच्या वळणानंतर गार वारा तोंडावर आला आणि समोर उतरत्या छपरांचं टुमदार गाव दिसलं.

बाजारात उतरल्या उतरल्या तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, मी पाचगणीत उभी आहे!"

"बरी आहेस ना?" तो घाबरला.

"कडकडून भूक लागलीय! आणि ऐका, पुढच्या महिन्यात तुम्हाला घेऊन महाबळेश्वरला जायचंय."