पाच राशी, चार वाटे

राखेची रेघ ओलांडून सुकरी आपल्या राशीपाशी गेली. तीन पायल्या भात टोपलीत काढलं आणि शेजारच्या राशीवर ओतलं. पुढच्या दोन राशींतही तसंच केलं. पाचवीला हात लावला नाही. मग तळव्याने उतार सारखे केले.

कणसरीची, धान्याच्या देवीची, पूजा झाली, भोवती राख पडली, की माप होईपर्यंत राशीला कुणी शिवत नाही. सुकरीला हे कुणी सांगायला नको होतं. बारा वर्षं ती राख तिच्याच हातची होती. पण सकाळी फागू, तिचा नवरा, खळ्यावर आला आणि थेट चैतीच्या राशींपाशी थांबला. "बघ बघ, दोन तर कशा उभ्या हायत!" म्हणाला. सुकरीच्या पाचही राशी सारख्या, आठ-आठ पायल्यांच्या. त्यांच्यावरून त्याची नजर रोजच्या भाकरीवरून जावी तशी गेली.

आता तो दरबारच्या कारकुनाला आणायला वाटेपर्यंत गेला होता. चैती, त्याची धाकटी बायको, झऱ्यावर होती.

शेतकीचे गद्रे कारकून आले ते पाटी, पायली आणि पिशवीभर चिंचोके घेऊन. दोघींनी आपापलं बी सारख्या मापाच्या पाच-पाच खाचरांत लावलं होतं. जिचं बी वाटपासाठी दरबारच्या कोठारात जाईल, तिनेच पुढच्या पेरणीची पहिली मूठ टाकायची, असं फागूने सगळ्या पाड्यासमोर सांगितलं होतं. आजवर ती मूठ सुकरीची होती.

"लाभ, दोन, तीन..." पहिल्या पायलीला एक न म्हणता लाभ म्हणत फागू मापू लागला. चैती हंडा घेऊन आली नि कडेला उभी राहिली.

चैतीच्या राशी सात, सात, आठ, नऊ, नऊ भरल्या. सुकरीच्या पाच, अकरा, पाच, अकरा, आठ.

अकराला फागू थांबला. "अगो! ही तर चैतीच्याही वरताण!"

सुकरीने पदर तोंडाला लावला. हसू आवरेना.

"चाळीस नि चाळीस," गद्रे म्हणाले. "पाचांनी भागलं की दोघींची सरासरी आठ."

"म्हंजे सारख्याच की, साहेब," फागू म्हणाला.

"बेरीज सारखी. चाल सारखी नाही." त्यांनी चिंचोके ओतले. "आठापासून कोण किती ढळलं, ते बघू. सुकरीची पहिली रास तीनने कमी. तीन चिंचोक्यांच्या तीन ओळी. झाले नऊ."

"ओळी कशाला?"

"नुसते तीन कमी नि तीन जास्त धरले, तर एकमेकांना खाऊन टाकतात. अशी चौकट केली, की कमीही लपत नाही, जास्तही लपत नाही."

सुकरीचं हसू गेलं.

चार राशींच्या चार चौकटी मांडल्या गेल्या. आठाची रास ढळलीच नव्हती. छत्तीस चिंचोके झाले. गद्र्यांनी ते एकत्र करून चार वाटे घातले.

"राशी पाच, नि वाटे चार?" फागूने विचारलं.

"मधला आकडा या पाचांतूनच काढलाय ना? चौघींनी आपली घट-वाढ सांगितली, की पाचवीची ठरलेलीच. तिला वेगळं बोलायला काही उरत नाही."

फागूला ते कळलं नाही. सुकरीला कळलं. घरात ती तशीच होती.

एका वाट्यात नऊ. गद्र्यांनी पुन्हा चौकट मांडली आणि एक बाजू बोटाने मोजली. "तीन. सुकरीचं बी तीनने ढळतं." मग चैतीचे मांडले. चार राशी एकेकाने ढळलेल्या, चार चिंचोके, चार वाटे. वाट्याला एक. "चैतीचं एकने."

त्यांनी पाटीवर लिहिलं. "चैतीचं बी कोठारात. हे दुसरं बेभरवशाचं. एका खाचरात अकरा देतं, दुसऱ्यात पाच. असलं बी कुणाच्या रानात घालायचं?"

"बरं झालं बाबा, कळलं," फागू म्हणाला. "तरीच. ह्या बियाचं मला कधी खरं वाटलंच नाय."

ते बी सुकरी दाभोशाहून, आईच्या घरून, ओटीत बांधून आणलेलं. ती उठली.

"बियाला बोलू नका, साहेब. बी सरळ हाय." तिने वाकून त्या चौकटीतली एक ओळ उचलली. तीन चिंचोके मुठीत धरले. "हे खाचरातले नायत. हे माझ्या पोटातले हायत. मी सारली रास."



"हात लागलेली रास मला धरता येत नाही, सुकरे," गद्रे म्हणाले. पाटीवरचा आकडा त्यांनी पुसला नाही. पाटी पिशवीत गेली. फागू त्यांना पोचवायला निघाला. त्याने मागे पाहिलं नाही.

सुकरीने पायली घेतली. "लाभ," ती हळूच म्हणाली आणि उंच राशीतलं भात जिथलं होतं तिथे ओतलं. "दोन. तीन." मग दुसऱ्या राशीतलं. पाचही राशी पुन्हा सारख्या उभ्या राहिल्या.

चैती हंडा घेऊन जवळ आली.

"पाय धुऊन घे, बाय," ती म्हणाली. "मघापासून राख हाय तुझ्या पायांना."

सुकरीने मान वर केली. "कवापासून?"

चैतीने तिच्याकडे पाहिलं नाही. हंडा कलता करून ती पाणी ओतत राहिली.